सरखेल कान्होजी आंग्रे : दर्यावरचा शिक्का

४ जुलै हा सरखेल कान्होजी आंग्रे यांचा स्मृतिदिन. तेरेखोलच्या किल्ल्यावर उभे राहिले की आपल्याला पोर्तुगीज आठवतात. पण १७४६ साली त्यांनी तो घेईपर्यंत हा किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांचा होता. त्याआधी, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, मुंबईपासून जवळच्या वेंगुर्ल्यापर्यंतच्या दर्यावर कान्होजींचा दबदबा होता.

भारतीय डाक विभागाने एप्रिल १९९९ मध्ये ३ रुपयांचे एक तिकीट काढले. त्यावर कान्होजींचा चेहरा नाही, त्यांच्या आरमारातले गुराब आहे. हाताने रंगवलेली प्रथम दिवस आवरणे जमवणाऱ्या आम्हा मंडळींना असे विषय फार प्रिय. जाड कोऱ्या लिफाफ्याच्या डाव्या बाजूला जलरंगात गलबत रंगवायचे, उजवीकडे तिकीट लावायचे आणि प्रकाशनाच्या दिवशीच टपाल कचेरीत शिक्का मारून घ्यायचा. नौदलाच्या सोहळ्यांच्या आवरणांवरही असेच विशेष शिक्के असतात. चित्र कितीही देखणे असो, त्या तारखेच्या शिक्क्यावाचून तो नुसता रंगवलेला लिफाफा. आमची उमर बँकेत गेली, म्हणून आमची नजर आधी शिक्क्याकडे जाते. कान्होजींचे चरित्र वाचताना वाटते, त्यांचे सारे भांडणही शिक्क्याचेच होते.

आंग्रे घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. वडील तुकोजी शिवछत्रपतींच्या आरमारात होते. हर्णैच्या सुवर्णदुर्गाच्या परिसरात कान्होजी वाढले आणि छत्रपती राजारामांच्या काळात आरमाराचे सरखेल झाले. पुढे ते महाराणी ताराबाईंच्या पक्षात होते. १७१३-१४ च्या सुमारास बाळाजी विश्वनाथांनी बोलणी करून त्यांना शाहू महाराजांच्या बाजूस वळवले.

पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून समुद्रावर जाणाऱ्या जहाजांकडून कार्ताझ नावाचा परवाना मागत. तो नसेल तर जहाज जप्त होई. कान्होजींनी तोच नियम आपल्या किनाऱ्यावर लावला. त्यांचा दस्तक घ्यावा, मग बिनघोर जावे. आपला परवाना तो कायदा आणि कान्होजींचा दस्तक ती चाचेगिरी, असा परकीयांचा हिशेब होता. इंग्रजांनी त्यांना आपल्या कागदोपत्री चाचा ठरवले ते यातूनच.

१७१२ मध्ये कान्होजींच्या आरमाराने मुंबईच्या इंग्रज गव्हर्नराची सशस्त्र नौकाच पकडली. त्या लढाईत कारवारच्या वखारीचा प्रमुख चाऊन मारला गेला. त्याची पत्नी कैदेत पडली आणि ३०,००० रुपये खंडणी घेऊन तिला सोडण्यात आले. इंग्रजांनी १७१७ मध्ये विजयदुर्गावर आणि १७१८ मध्ये खांदेरीवर चाल केली, पण हात हलवीत परतले. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी एकत्र येऊन कुलाब्यावर हल्ला केला. तोही फसला, आणि पोर्तुगीजांनी इंग्रजांना बाजूला ठेवून मराठ्यांशी तह केला.

कान्होजींची ताकद अवाढव्य जहाजांत नव्हती. उथळ पाण्यात चालणारी गुराबे आणि वल्ह्यांची चपळ गलबते खाडीतून बाहेर येत, मारा करीत आणि पुन्हा किल्ल्यांच्या तोफांच्या आश्रयाला जात. लिफाफ्यावर गुराब रंगवणाऱ्याने पुढे काढलेली लांब नाळ आणि तिथल्या तोफा नीट दाखवल्या, तर ही युद्धनीती चित्रातच उमगते.

१७२९ मध्ये अलिबागला त्यांचे निधन झाले. तेथे त्यांची समाधी आहे. पुढे मुलांत भाऊबंदकी माजली. शेजारचे वाडीकर सावंतही आंग्र्यांचे मित्र नव्हते. १७३० मध्ये त्यांनी आंग्र्यांविरुद्ध इंग्रजांशी करार केला. आपल्या भागाच्या इतिहासातले हे पानही वगळू नये. दर्या राखायला एक माणूस पुरला, तो टिकवायला मात्र एकी लागत होती, आणि ती नव्हती.

१५ सप्टेंबर १९५१ रोजी मुंबईतील नौदलाच्या किनारी तळाला आय.एन.एस. आंग्रे हे नाव मिळाले. कंपनी सरकारचा जुना मुंबई किल्ला याच तळाच्या आवारात आहे. ज्यांच्या दप्तरात कान्होजी चाचे होते, त्यांच्याच किल्ल्यावर आज कान्होजींचे नाव आहे. आमच्या संग्रहातले गुराबाचे ते ३ रुपयांचे तिकीट म्हणूनच आम्हाला मोलाचे वाटते. त्यावर पडलेला शिक्का आपल्या सरकारचा आहे.