शाळा सुटली, कॉफीचा मळा बुडाला आणि भारताला मिळाला खेकड्यांचा डॉक्टर

पहिला दणकून पाऊस झाला की विष्णुपुरीच्या आसपासच्या शिवारात बांधाला, ओढ्याच्या काठाला भोकं दिसायला लागतात. मराठवाड्यातल्या पोरांना ती कुणाची घरं आहेत हे सांगावं लागत नाही. खेकड्यांची.

दख्खनभर सापडणाऱ्या या बीळ करणाऱ्या खेकड्याचं शास्त्रीय नाव आहे बॅरिटेल्फुसा क्युनिक्युलॅरिस. यातलं दुसरं नाव १८३६ सालचं. कर्नल साईक्स यांनी दख्खनमध्ये जमवलेल्या खेकड्यांवरून वेस्टवूड या इंग्रज कीटकशास्त्रज्ञानं ते दिलं. पहिलं नाव म्हणजे त्याचं आडनाव म्हणा ना, ते मात्र १९०९ मध्ये मिळालं. देणारा माणूस मुंबईत जन्मलेला होता. आल्फ्रेड विल्यम अल्कॉक.

भारताच्या समुद्रातले आणि नद्यांतले खेकडे, कोळंबी, शंख-खेकडे, बिळात राहणारे भूत-कोळंबीसारखे जीव, या सगळ्यांची नीट यादी लावून देणाऱ्यांत अल्कॉक यांचं नाव फार वर येतं. पण त्यांचा तिथवरचा रस्ता अजिबात सरळ नव्हता.

सतराव्या वर्षी शाळा बंद

अल्कॉक यांचा जन्म २३ जून १८५९ चा. वडील जहाजाचे कप्तान. पुढे कुटुंब इंग्लंडला परतलं आणि आल्फ्रेड तिकडच्या चांगल्या शाळांत शिकू लागले. १८७६ मध्ये वडिलांना मोठा आर्थिक फटका बसला. शाळा सुटली आणि सतरा वर्षांच्या पोराची रवानगी थेट भारतात झाली, केरळातल्या वायनाडमध्ये. तिथे नातेवाईक कॉफीचे मळे चालवत होते.

पण कॉफीचे ते दिवस उतरतीचे होते. मळ्यात भविष्य नव्हतं. जंगल मात्र भरपूर होतं आणि ते पोरानं मनसोक्त पाहिलं. तिथून कलकत्त्याच्या एका दलाली पेढीत नोकरी. तीही पेढी बंद पडली. मग १८७८ ते १८८० पुरुलियात, आसामच्या चहामळ्यांसाठी मजूर भरती करण्याचं काम. गरीब माणसांना घरापासून शेकडो मैल लांब नेणाऱ्या या भरतीचा इतिहास काही अभिमानानं सांगावा असा नाही. अल्कॉक त्या यंत्रणेतला एक लहान माणूस होते.

याच काळात त्यांना विज्ञानाच्या वाचनाची गोडी लागली. त्यांनी दार्जिलिंगच्या शाळेत मास्तरकी केली आणि मग स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीन विद्यापीठात वैद्यकीचं शिक्षण घेतलं. १८८५ मध्ये ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये डॉक्टर म्हणून भरती झाले. दोनेक वर्षं वायव्य सरहद्दीवर पलटणींसोबत गेली.

डॉक्टरकी कमी, समुद्र जास्त

१८८८ मध्ये त्यांना मनासारखी नोकरी मिळाली. ‘इन्व्हेस्टिगेटर’ नावाच्या सर्वेक्षण जहाजावर सर्जन-नॅचरलिस्ट, म्हणजे डॉक्टर आणि निसर्गअभ्यासक एकाच पगारात. हे जहाज १८८१ मध्ये मुंबईच्याच गोदीत बांधलेलं.

जहाजाचं मुख्य काम समुद्राची खोली मोजून नकाशे बनवण्याचं. जीवशास्त्र हे त्यातल्या फटीत करायचं काम. वेळ मिळाला की जाळं खोल सोडायचं, वर येईल ते निवडायचं, स्पिरिटच्या बरणीत घालायचं आणि कुठे, किती खोलीवर, केव्हा सापडलं याची चिठ्ठी लावायची. पावसाळ्यात सर्वेक्षण थांबलं की कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये बसून या बरण्यांचा अभ्यास करायचा.

चिठ्ठीला एवढं महत्त्व का? कारण नव्या प्रजातीचं नाव हवेत देता येत नाही. ते एका खऱ्याखुऱ्या नमुन्याला बांधलेलं असतं. पुढे शंका आली की जगातल्या कुठल्याही अभ्यासकाला तोच नमुना पुन्हा तपासावा लागतो. त्यासाठी बरणी आणि तिच्यावरची चिठ्ठी, दोन्ही जपावी लागतात.

अल्कॉक फक्त मेलेले जीव मोजत बसले नाहीत. एकच नांगी प्रचंड मोठी असलेल्या खेकड्यांचे नर ती नांगी हलवून माद्यांना आकर्षित करतात, हे त्यांनी चिखलाच्या किनाऱ्यावर बसून पाहिलं आणि १८९२ मध्ये छापलं. काही पाकट मासे पिल्लांना पोटातच दुधासारखा स्राव पाजून वाढवतात, यावर त्यांनी जेम्स वूड-मेसन यांच्यासोबत लिहिलं.

भूत-कोळंबी, जी कोळंबी नाहीच

या सगळ्यात एक विचित्र गट होता. घोस्ट श्रिंप, म्हणजे भूत-कोळंबी. आयुष्य बिळात काढणारा हा जीव. कवच इतकं पातळ की अंग फिकट, अर्धपारदर्शक दिसतं, म्हणून भूत. बिळातल्या अंधारात डोळ्यांचा उपयोग कमी, म्हणून डोळे बारीक. पुढच्या दोन नांग्यांपैकी एक बरीच मोठी, नरात तर खूपच. पोटाखालचे रुंद, वल्ह्यासारखे पाय सारखे हलत राहतात आणि बिळातून पाणी खेळवतात, नाहीतर आत प्राणवायू मिळणार नाही.

दिसायला कोळंबी, पण नातं वेगळं. बाजारात मिळणाऱ्या कोळंबीपेक्षा हे जीव खेकडे आणि शंख-खेकड्यांच्या जास्त जवळचे. त्यातही गोंधळ असा की बिळात राहणारे सगळे सारखे दिसतात म्हणून त्यांना बराच काळ थॅलासिनिडिया या एकाच गटात टाकलं जायचं. एकविसाव्या शतकात डीएनए तपासल्यावर कळलं की ही दोन वेगळी घराणी आहेत, ॲक्सिइडिया आणि गेबिइडिया. सारखं घर बांधता बांधता दोघांचं अंगही सारखं झालं.

अल्कॉक यांच्याकडे डीएनए नव्हता. होतं भिंग, चिमटा आणि संयम. नांगीचा आकार, कवचावरची रेघ, शेपटीच्या पंख्याची ठेवण एवढ्यावर त्यांना निवाडा करायचा होता. १८९९ मध्ये त्यांनी आणि अँडरसन यांनी या गटातल्या एका प्रजातीचं वर्णन केलं. नाव ठेवलं कॅलियनासा लिग्निकोला, म्हणजे लाकडात राहणारी. १९०१ मध्ये खोल समुद्रातल्या शेवंडी, कोळंबी आणि त्यांच्या भाऊबंदांची अख्खी यादीच त्यांनी प्रसिद्ध केली. त्याच वर्षी रॉयल सोसायटीनं त्यांना फेलो केलं.

म्युझियम मिळालं, मनासारखं नाही

१८९३ मध्ये वूड-मेसन इंग्लंडला जाताना बोटीवरच वारले आणि इंडियन म्युझियमची सूत्रं अल्कॉक यांच्याकडे आली. १८९५ च्या पामीर सीमा आयोगाबरोबरही ते जाऊन आले. पण म्युझियममध्ये अडचण वेगळी होती. एकीकडे लोकांना दाखवायची दालनं, दुसरीकडे हजारो बरण्यांचा अभ्याससंग्रह. माणसं मोजकी आणि शेवटचा शब्द दुसऱ्यांचा.

म्युझियमच्या कारभारावरून मतभेद वाढत गेले. १९०६ मध्ये अल्कॉक यांनी राजीनामा दिला. ज्या संग्रहावर आयुष्याची ऐन वर्षं घातली, तो सोडून ते इंग्लंडला गेले.

त्यांच्या जागी आले त्यांचेच सहायक नेल्सन ॲनंडेल. प्राण्यांच्या अभ्यासाला म्युझियमच्या छत्राखाली नव्हे, तर स्वतंत्र संस्था हवी, ही मागणी त्यांनी लावून धरली. १ जुलै १९१६ ला झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया सुरू झाली. ॲनंडेल तिचे पहिले संचालक. म्युझियममधला तो संग्रह या संस्थेकडे आला. तिचं पश्चिम विभागाचं केंद्र आज पुण्यात आकुर्डीला आहे.

अल्कॉक लंडनमध्ये उष्ण प्रदेशांतल्या रोगांचं शास्त्र शिकवू लागले. डॉक्टरांसाठी कीटकशास्त्राचं पुस्तक १९११ मध्ये लिहिलं. पण खेकडे काही सुटले नाहीत. भारतातल्या गोड्या पाण्यातल्या खेकड्यांची यादी १९१० मध्ये आली, म्हणजे राजीनाम्यानंतर चार वर्षांनी. बॅरिटेल्फुसा हे नाव याच कामातून आलेलं. २४ मार्च १९३३ ला इंग्लंडमधल्या केंटमध्ये त्यांचं निधन झालं.

भूत-कोळंबीचं वर्गीकरण पुन्हा लावलं गेलं, खेकड्यांचंही लागत राहील. पण ते लावताना अभ्यासकांना जुन्या बरण्या उघडाव्याच लागतात. विष्णुपुरीच्या विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकणारं एखादं पोरगं बांधावरचा खेकडा उचलून वहीत त्याचं नाव लिहितं, तेव्हा त्या नावातला पहिला शब्द अल्कॉक यांचा असतो.