हांका ऑर्डोनुव्हना

वळिवड्यास १९४३ पासून १९४८ पर्यंत पोलिश निर्वासितांची छावणी होती, हे आपल्या कोल्हापुरात बहुतेकांना ठाऊक आहे. सुमारे पाच हजार माणसे, त्यांत बायका आणि मुलेच अधिक. परंतु त्याच्याही आधी, १९४२ साली, पोलिश अनाथ मुलांची पहिली तुकडी मुंबईस पोचली. त्या मुलांना घेऊन येणाऱ्यांत पोलंडची त्या काळातील अत्यंत लाडकी गायिका आणि नटी होती, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. म्हणून तिच्याविषयी लिहावयाचे मी ठरविले.

तिचे खरे नाव मारिया पिएत्रुशिंस्का. जन्म १९०२ साली वॉर्सा शहरी, रेल्वेत काम करणाऱ्याच्या घरी. सहाव्या वर्षी तिला तेथील मोठ्या नाट्यगृहाच्या नृत्यशाळेत घातले आणि वयात येते न येते तोच ती रंगभूमीवर उभी राहिली. आवाज काही फार मोठा नव्हता. ‘क्वी प्रो क्वो’ या नाट्यगृहात फ्रिडेरिक यारोसी यांनी तिला शब्दोच्चारापासून हातांच्या हालचालीपर्यंत सारे शिकविले, आणि गाणे नुसते न गाता ते जगून दाखविण्याची किमया तिने साधली. तरुणपणी प्रेमभंगाने तिने स्वतःवर पिस्तूल झाडून घेतले होते. दैव बलवत्तर म्हणून वाचली. १९३१ मध्ये काउंट टिश्केव्हिच यांच्याशी तिचा विवाह झाला. सरदारघराण्यात नटी सून म्हणून आली तर भुवया उंचावतात. त्या बाबतीत पोलंड आणि आपण फारसे वेगळे नाही! १९३३ च्या एका चित्रपटातील तिचे प्रेमगीत तर घरोघरी गेले. परंतु त्याच सुमारास क्षयाने तिला गाठले.

१९३९ च्या सप्टेंबरात जर्मन फौजा पोलंडमध्ये शिरल्या. हांकाला पाविआक तुरुंगात टाकण्यात आले. पतीच्या खटपटीने सुटून ती विल्नो शहरी गेली, तर तेथे रशियन सत्ता आली आणि नवराबायको दोघेही कैदेत पडली. तिची रवानगी उझबेकिस्तानात झाली. क्षयाचे दुखणे, वर सक्तीची मजुरी. १९४१ च्या जुलैअखेर पोलंड आणि रशिया यांच्यात करार होऊन पोलिश कैदी सुटू लागले, तेव्हा तिचीही सुटका झाली.

येथून पुढची हांका मला खरी मोठी वाटते. सुटल्यावर तिने स्वतःची प्रकृती सांभाळली असती तरी कोणी बोल लावला नसता. परंतु आईबाप उपासमारीने, तापाने गेलेली शेकडो मुले त्या मुलखात भटकत होती. उवांनी भरलेली डोकी, पायांत चिंध्या, मिळालेला भाकरीचा तुकडा उशाखाली लपवावयाची सवय. अश्काबादला अशा मुलांचा सांभाळ करण्याच्या कामात तिने स्वतःला जुंपून घेतले. मुंबईच्या पोलिश वकिलातीने मदतीचे सामान घेऊन मालमोटारी धाडल्या होत्या. परतताना त्यांतूनच मुलांना न्यावयाचे ठरले. दीडशेहून अधिक मुले इराण ओलांडून, क्वेट्टामार्गे हिंदुस्थानात आली. काही महिने वांद्र्यास राहून, जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडी येथे दिलेल्या जागी ती गेली. त्यांतील बरीचशी पुढे आपल्या वळिवड्यास आली.

हांकाला मात्र दुखण्याने बैरूत गाठावे लागले. तेथे अंथरुणावर पडल्या पडल्या तिने या मुलांची हकीकत लिहिली. १९४८ साली ते पुस्तक निघाले, परंतु त्यावर नाव घातले वेरोनिका होर्ट! जिच्या नावावर नाट्यगृहे भरत, तिने ते नाव येथे का वापरले नसेल, याचा मी पुष्कळ विचार केला. मुलांकडे पाहावे, आपल्याकडे नको, असेच तिला वाटले असावे.

१९५० च्या ८ सप्टेंबरला बैरूतमध्येच ती गेली. वय अवघे सत्तेचाळीस. मायदेश पुन्हा दिसला नाही. चाळीस वर्षांनी, १९९० साली, तिच्या अस्थी वॉर्साला नेऊन पोवोंझ्की दफनभूमीत ठेवण्यात आल्या.