पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, प्रवरा नदीच्या खोऱ्यात लोणी नावाचे गाव आहे. तेथील शेतकरी कुटुंबात विठ्ठलराव विखे पाटील यांचा जन्म झाला. शालेय शिक्षण त्यांना फारसे लाभले नाही; हिशेबाची जाण मात्र उपजत होती.

भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. कालव्यांचे पाणी शिवारात खेळू लागले, ऊस डोलू लागला. तरी शेतकरी कर्जातच राही. उसाचा गूळ करून पेठेत न्यावा, तर भाव ठरविणार व्यापारी! १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत तर गुळाचे भाव कोसळलेच. पुढे १९३२ साली सरकारने साखरधंद्यास संरक्षण दिले. तेव्हा भांडवलवाल्या कंपन्या या भागातील जमिनी खंडाने घेऊन स्वतःच ऊस पिकवू लागल्या. जमीन गावाची, घाम गावाचा. नफा मात्र शहराची वाट धरी.

हे विठ्ठलरावांना सलत असे. १९२३ सालीच त्यांनी लोणीत सहकारी पतपेढी काढून सावकाराचा पाश सैल केला होता. आता साखरेचा कारखानाच शेतकऱ्यांच्या मालकीचा का नसावा, असे त्यांच्या मनाने घेतले. नामवंत अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी ही कल्पना उचलून धरली. अडचण होती ती पैशाची. विठ्ठलराव गावोगाव हिंडले आणि शेतकऱ्यांना भाग घेण्यास विनवू लागले. कारखाना न निघाल्यास गरिबांची पुंजी बुडणार होती, आणि बोल लागणार होता तो त्यांनाच. तरी ते मागे हटले नाहीत. हळूहळू भाग जमले. सरकारनेही भांडवलास हातभार लावला. गाडगीळ अध्यक्ष झाले आणि १९५०-५१ च्या हंगामात कारखान्याचे चरक फिरू लागले. माळावर प्रवरानगर उभे राहिले.

१९६१ साली विठ्ठलरावांना पद्मश्री मिळाली. १९६४ साली प्रवरेच्या परिसरात शिक्षणसंस्था निघाली. खेड्यातील मुलांना चांगल्या शाळेसाठी शहर गाठण्याची गरज उरली नाही. १९८० साली विठ्ठलराव निवर्तले.

कारखान्याचे सभासद झाले ते ऊस पिकविणारे शेतकरी. ऊस तोडणारे मजूर मात्र बीडसारख्या कोरडवाहू भागांतून येत. हंगाम संपला, की बैलगाडीत संसार घालून ते आपल्या गावी परतत.