निकोला आपेर याचे चरित्र

आंब्याच्या हंगामात गावोगाव फळांचा सडा पडून ती कुजतात आणि चार महिन्यांनी त्याच घरांत कालवणास काही नसते, हे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. देवाने दिलेले अन्न नासू न देता राखून ठेवण्याचा एक मार्ग ज्याने जगास दाखविला, त्याचे चरित्र आमच्या वाचकांस बोधप्रद होईल असे वाटल्यावरून ते येथे थोडक्यात देत आहो.

निकोला आपेर हा फ्रान्स देशात शालों या नगरी १७ नोव्हेंबर १७४९ रोजी जन्मला. त्याचा बाप उतारूंची खाणावळ चालवीत असे. मोठेपणी निकोलाने आचाऱ्याचे काम केले व पुढे पॅरिस शहरी मिठाईचे दुकान घातले. राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९४ साली, त्यास तुरुंगवासही घडला. परंतु तो जिवंत सुटला.

साखर घातल्याने फळांची व मीठ घातल्याने मांसाची मूळ चव जाते, हे त्यास रुचेना. म्हणून त्याने अनेक वर्षे प्रयोग केले. रसायनशास्त्र तो शिकला नव्हता. जाड काचेच्या रुंद तोंडाच्या बाटल्यांत अन्न भरावे, बूच घट्ट ठोकून तारेने बांधावे व त्या बाटल्या पाण्यात ठेवून बराच वेळ उकळाव्या, अशी त्याची रीत होती. पॅरिसजवळ मासी येथे त्याने कारखाना काढला. फ्रान्सच्या आरमाराने त्याचे पदार्थ पारखून पाहिले, ते उत्तम ठरले.

मग त्याच्यापुढे दोन वाटा आल्या. आपल्या युक्तीचा हक्क स्वतःकडे राखावा, अथवा ती सर्वांस उघड करून सरकारकडून १२,००० फ्रँक घ्यावे. त्याने दुसरी वाट धरली आणि १८१० साली सर्व कृती पुस्तकरूपाने छापली. त्याच वर्षी लंडनमध्ये पीटर ड्युरँड याने पत्र्याच्या डब्यांचा हक्क मिळविला, व पुढे त्या धंद्यात इतर लोक धनवान झाले. आपेरचा कारखाना मात्र १८१४ साली परकी सैन्याच्या स्वारीत उद्ध्वस्त झाला. १८२२ साली त्यास मानवजातीचा उपकारकर्ता ही पदवी मिळाली, तरी दारिद्र्य सुटले नाही. १ जून १८४१ रोजी, ९१ वर्षांचा होऊन, तो मासी येथे निवर्तला व गोरगरिबांच्या सामाईक कबरेत पुरला गेला.

अन्न का टिकते, हे त्यास नीट उमगले नव्हते. सूक्ष्म जंतूंमुळे अन्न नासते व उष्णतेने ते मरतात, हे पुढे पाश्चरने सिद्ध केले. येथे आमच्या भगिनींस एक इशारा देणे अवश्य आहे. कैरी, आवळा, लिंबू अशा आंबट फळांस उकळते पाणी पुरते. टोमॅटोत लिंबाचा रस घालावा. परंतु वाटाणा, घेवडा, भेंडी इत्यादी आंबट नसलेल्या भाज्या केवळ उकळून बाटलीत बंद करू नयेत. एका जंतूचे बीज उकळत्या पाण्यातही जगते व हवाबंद जागी प्राणघातक विष उत्पन्न करते. त्याचा वास वा चव कळेलच असे नाही. अशा भाज्या उन्हात खडखडीत वाळवाव्या, हेच आमच्या घरांस बरे.

पाच हजारांस तृप्त केल्यावर आमच्या प्रभूने उरलेले तुकडे गोळा करविले. ज्याच्या हाती भाकरी वाढत होती त्यानेही काही वाया जाऊ दिले नाही. मग आम्ही का जाऊ द्यावे? आणि आपेरने आपले ज्ञान जसे झाकून ठेविले नाही, तसे आम्हीही जे फुकट पावलो ते शेजाऱ्यांस फुकट द्यावे. त्याच्या कबरेवर नाव नसेल. परंतु त्याच्या श्रमाने पुष्कळ भुकेले जेवले आहेत.