सुभेदार रामजींची मिळकत

थोरांच्या वडिलांना चरित्रग्रंथांत बहुधा पहिल्या प्रकरणापुरतीच जागा मिळते. मुलाचे शिक्षण मार्गी लागले की वडील हळूहळू पडद्याआड जातात. सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांच्या वाट्यालाही हेच आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील एवढीच त्यांची ओळख उरली. वस्तुतः लष्करी शिस्त, भक्तिमार्ग आणि कुटुंबवत्सलता यांचा त्यांच्या ठायी झालेला मेळ स्वतंत्रपणे पाहण्याजोगा आहे. शिवाय सैनिकाच्या तुटपुंज्या उत्पन्नातून पुढच्या पिढीचे भवितव्य कसे घडते आणि सरकारच्या एका हुकुमाने ती वाट कशी बंद होते, हेही या घराच्या हिशेबात स्पष्ट दिसते.

सकपाळांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. रामजींचे वडील मालोजी हे सैन्यातील पेन्शनर. पत्नी भीमाबाई यांचे माहेरचे मुरबाडकर घराणेही लष्करी परंपरेचे. हा योगायोग नव्हता. गावात महार समाजाला शाळेची पायरी चढण्याची सोय नव्हती आणि गावकीची कामे चुकत नव्हती. सैन्यात मात्र नियमित पगार होता, हुद्दा होता, आणि विशेष म्हणजे शिपायांसाठी व त्यांच्या मुलाबाळांसाठी शिक्षणाची सक्ती होती. रामजी याच व्यवस्थेत शिकले, पुण्याच्या लष्करी अध्यापन शाळेतून शिक्षक झाले आणि पलटणीच्या शाळेचे अनेक वर्षे मुख्याध्यापक राहिले. याच नोकरीनिमित्त महू येथे मुक्काम असताना 14 एप्रिल 1891 रोजी त्यांचे चौदावे अपत्य, भीमराव, जन्मास आले.

रामजी कबीरपंथी होते. मद्य-मांस त्यांना वर्ज्य होते. घरात प्रार्थना आणि भजन नित्यनेमाने होई. संतांचे अभंग त्यांना मुखोद्गत होते. रात्री रामायण-महाभारताचे वाचन होई आणि ते ऐकणे मुलांना चुकवता येत नसे. देवघरातील ही शिस्त अभ्यासालाही लागू होती. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला मुलाकडून पक्की करून घेणारे रामजी मुळातच हाडाचे शिक्षक होते.

त्यांच्या निवृत्तीच्या सुमारासच एक दार बंद झाले. 1892 साली सरकारने महारांची सैन्यभरती थांबविली. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या लष्करी चाकरी केली, त्याचा रोख उत्पन्नाचा आणि शिक्षणाचा एकमेव भरवशाचा मार्ग त्यामुळे खुंटला. या हुकुमाविरुद्ध अर्ज तयार करण्यासाठी रामजींनी न्यायमूर्ती रानड्यांचे साहाय्य मिळविले. अर्जाला यश आले नाही. रामजींची स्वतःची पेन्शन सुरक्षित होती. तरीही त्यांनी हा खटाटोप केला, ही गोष्ट त्यांच्या स्वभावावर प्रकाश टाकते.

निवृत्तीनंतर हे कुटुंब काही काळ दापोलीस राहिले आणि पुढे नोकरीच्या निमित्ताने साताऱ्यास आले. तेथे भीमाबाई निवर्तल्या. भीमराव तेव्हा पाच-सहा वर्षांचे होते. रामजींची बहीण मीराबाई हिने घर सांभाळले. रामजींनी पुढे दुसरा विवाह केला. तो लहानग्या भीमरावांच्या मनाला रुचला नाही. थोरली विवाहित मुलगी वारल्यावर तिचे दोन मुलगेही आजोबांच्याच छत्राखाली वाढत होते.

1901 च्या सुमारास खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर तलाव बांधला जात होता. रामजी तेथे खजिनदार होते. सुट्टीत मुले आणि नातवंडे नव्या कपड्यांत, मोठ्या हौसेने त्यांना भेटायला निघाली. मसूर स्थानकावर उतरली, तो न्यायला कोणी नाही. येत असल्याचे पत्र रामजींच्या हाती पडलेच नव्हते. मुलांची जात कळताच गाडीवान मिळेना. दुप्पट भाड्यावर मिळाला, पण गाडी मुलांनी हाकायची आणि त्याने पायी चालायचे, या अटीवर. बरोबर शिधा होता, परंतु पाणी कोणी देईना, म्हणून मुले उपाशीच निजली. लष्करात सुभेदारपद मिळविलेल्या माणसाच्या मुलानातवांची ही कथा. छावणीतला हुद्दा छावणीच्या वेशीबाहेर चालत नव्हता.

पुढे मुंबईस परळच्या चाळीत एकाच खोलीत संसार होता. मुलाला अभ्यासाला निवांतपणा मिळावा म्हणून रामजी त्याला लवकर निजवीत, स्वतः जागत आणि रात्री दोनच्या सुमारास उठवून मग आपण पाठ टेकीत. पुस्तकांसाठी पैसे नसले की ते विवाहित मुलींकडे जात, दागिना मागून घेत, तो गहाण टाकीत आणि पेन्शन हाती येताच सोडवून परत करीत. अर्थशास्त्र ज्याला मानवी भांडवलातील गुंतवणूक म्हणते, ती या घरात अशी झोपेच्या आणि लेकींच्या दागिन्यांच्या रूपाने झाली. तिचा भार लेकींनीही उचलला होता, हे विसरता कामा नये.

याच सुमारास कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी शाळेतील यशाबद्दल भीमरावांना आपले बुद्धचरित्र भेट दिले. ते वाचून मुलाने विचारले की, ज्या ग्रंथांत उच्चवर्णीयांचा गौरव आणि शूद्रांची हेटाळणी आहे, ते आपल्याला का वाचायला लावता? रामजींनी त्याला गप्प केले नाही. द्रोण आणि कर्ण हीन स्थितीतून किती उंचीला पोहोचले, वाल्मीकी कोळी असून रामायणाचा कर्ता झाला, हे पाहून न्यूनगंड नाहीसा व्हावा, असा आपला हेतू त्यांनी समजावून सांगितला. मुलाचे त्याने समाधान झाले नाही. परंतु ज्या घरात धर्मग्रंथाविषयी असा प्रश्न करता येतो आणि त्याला उत्तर मिळते, तेथली श्रद्धा निराळ्या जातीची असते. 1956 साली नागपुरास जे घडले, त्याचा एक दूरचा धागा या संवादापर्यंत येतो.

1912 साली भीमराव पदवीधर झाले. त्यासाठी बडोदेनरेशांच्या दरमहा पंचवीस रुपयांच्या शिष्यवृत्तीचा आधार मिळाला होता. डिसेंबरात नातू यशवंत जन्मला. त्याच्या वाट्याला आजोबांचा सहवास जेमतेम पावणेदोन महिन्यांचा आला. वडिलांच्या इच्छेविरुद्ध भीमराव बडोद्यास नोकरीला गेले आणि थोड्याच दिवसांत आजाराची तार आली. वाटेत वडिलांसाठी मिठाई घ्यायला ते सुरतेस उतरले आणि गाडी चुकली. ते पोहोचले तेव्हा रामजी शेवटच्या घटका मोजीत होते. मुलाची भेट झाली आणि 2 फेब्रुवारी 1913 रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. त्याच वर्षी भीमराव कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

रुपयाच्या प्रश्नावरील आपला ग्रंथ 1923 साली प्रसिद्ध करताना आंबेडकरांनी तो मातापित्यांच्या स्मृतीस अर्पण केला. चलनव्यवस्थेची चिकित्सा करणारा हा ग्रंथ, महिन्याच्या पेन्शनीवर दागिना सोडविणाऱ्या पित्याला वाहिलेला आहे, हे औचित्य लक्षात येण्यासारखे आहे. 1941 साली महार रेजिमेंट उभी राहिली, पण 1892 पासून मधल्या काळात जी घरे पगाराला आणि पलटणीच्या शाळेला मुकली, त्यांची नोंद कोणत्याही खतावणीत नाही. रामजींसारखे जागरण करण्याची तयारी त्या घरांतूनही असेल. कमी पडली ती शाळा आणि तो पगार. वडिलांच्या त्यागाचे गुणगान करताना समाजाने आणि शासनाने आपल्या बाजूची ही थकबाकी विसरू नये. सुभेदारांचे खरे स्मरण तेच होय.