हेन्री फ्रान्सिस ब्लॅनफर्ड

हेन्री फ्रान्सिस ब्लॅनफर्ड (३ जून १८३४, लंडन – २३ जानेवारी १८९३, फोकस्टन) हे ब्रिटिश भूवैज्ञानिक व हवामानशास्त्रज्ञ होते. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय हवामानशास्त्र विभागाचे ते पहिले प्रमुख होत. देशभरातील निरीक्षण केंद्रांवर हवेचा दाब, तापमान, आर्द्रता, वारा व पाऊस यांची नोंद एकाच पद्धतीने व्हावी आणि त्या नोंदींची दरमहा सरासरी काढून केंद्रांची परस्परांशी तुलना करता यावी, अशी व्यवस्था त्यांनी उभी केली. भारतातील मोसमी पावसाचे पहिले दीर्घकालीन अंदाजही त्यांच्याच काळात देण्यात आले. मध्य प्रांतातील जंगले व पाऊस यांच्या संबंधावर त्यांनी १८८७ मध्ये लिहिलेला निबंध चांदा परिसराच्या, म्हणजेच आजच्या चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे.

प्रारंभिक जीवन

ब्लॅनफर्ड यांचा जन्म लंडन येथे झाला. लंडनच्या रॉयल स्कूल ऑफ माइन्स या संस्थेत आणि त्यानंतर सॅक्सनीतील फ्रायबर्ग येथील खाणकाम विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. त्यांचे थोरले बंधू विल्यम थॉमस ब्लॅनफर्ड हेही नामवंत भूवैज्ञानिक व प्राणिशास्त्रज्ञ होते. दोघे बंधू १८५५ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागात रुजू झाले. ओरिसातील तालचेर कोळसाक्षेत्राच्या पाहणीत त्यांना मोठमोठ्या दगडगोट्यांचा एक प्राचीन थर आढळला. आज उष्ण असलेल्या या भूमीवर एके काळी हिमनद्या होत्या, या मताला त्या थरामुळे बळ मिळाले. पुढे हेन्री यांनी दक्षिणेतील त्रिचनापल्ली भागातील खडकांचा व जीवाश्मांचा अभ्यास केला.

१८६२ मध्ये त्यांनी सर्वेक्षण विभाग सोडला आणि कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात प्राध्यापकपद स्वीकारले. तेथे त्यांनी सुमारे दहा वर्षे अध्यापन केले. भारतीय शाळांतील विद्यार्थ्यांसाठी त्यांनी लिहिलेले प्राकृतिक भूगोलाचे पाठ्यपुस्तक १८७३ मध्ये प्रसिद्ध झाले.

हवामानशास्त्राकडे

५ ऑक्टोबर १८६४ रोजी कलकत्त्यावर भीषण चक्रीवादळ आले. समुद्राच्या लाटा हुगळी नदीच्या मुखातून आत घुसल्या. या आपत्तीत सुमारे साठ हजार माणसे दगावली, असा अंदाज आहे. वादळाच्या चौकशीचे काम कर्नल गॅस्ट्रेल व ब्लॅनफर्ड यांच्याकडे आले. जहाजांच्या नोंदवह्या आणि किनाऱ्यावरील निरीक्षणे जमवून त्यांनी वादळाचा मार्ग रेखाटला व १८६६ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ओरिसात मोठा दुष्काळ पडला. दोन वर्षांच्या अंतराने आलेल्या या संकटांमुळे हवामानाची नियमित नोंद ठेवण्याची गरज सरकारला पटली. १८६७ मध्ये ब्लॅनफर्ड यांची बंगालच्या हवामान निवेदकपदी नेमणूक झाली.

एकसमान नोंदीची व्यवस्था

त्या वेळी भारतात निरीक्षणांचा अभाव नव्हता. मद्रास व मुंबईजवळील कुलाबा येथील वेधशाळा जुन्या होत्या आणि निरनिराळ्या प्रांतांतही नोंदी घेतल्या जात. मात्र प्रत्येक प्रांताची व्यवस्था स्वतंत्र होती. काही प्रांतांत हे काम आरोग्य खात्याकडे सोपवलेले होते. उपकरणे, निरीक्षणाच्या वेळा व आकडेमोडीच्या रीती वेगवेगळ्या असल्यामुळे एका प्रांताचे आकडे दुसऱ्या प्रांताच्या आकड्यांशी ताडून पाहता येत नसत.

१८७५ मध्ये भारत सरकारने सर्व प्रांतांचे हवामानविषयक काम एकत्र केले आणि ब्लॅनफर्ड यांना 'इंपीरियल मीटिऑरॉलॉजिकल रिपोर्टर' या पदावर नेमले. विभागाचे मुख्यालय कलकत्त्यास होते. तेथील अलीपूर वेधशाळा केंद्रीय वेधशाळा मानून इतर केंद्रांची उपकरणे प्रमाणित करण्याची पद्धत त्यांनी घालून दिली. निरीक्षकांच्या उपयोगासाठी त्यांनी एक मार्गदर्शक ग्रंथ लिहिला. तापमापकाला ऊन लागू नये पण वारा मिळावा, पर्जन्यमापक झाडाच्या वा भिंतीच्या आडोशाला नसावा, वायुदाबमापकावरील आकड्याला तापमानाची व उंचीची दुरुस्ती द्यावी, अशा बाबींकडे या व्यवस्थेत काटेकोर लक्ष दिले जाई.

या दुरुस्त्यांचे महत्त्व चांदा व मुंबई यांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. चांदा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १९० मीटर उंचीवर आहे. केवळ या उंचीमुळे तेथील वायुदाब मुंबईच्या दाबापेक्षा सुमारे २० मिलिबारने कमी भरतो. ही दुरुस्ती न करता दोन्ही आकडे शेजारी मांडले, तर चांद्यावर कायमचे वादळ घोंघावत असल्याचा भास होईल. उंचीचा परिणाम वजा केल्यानंतरच दोन ठिकाणांच्या हवेतील खरा फरक समजतो.

महिन्याचा ताळेबंद

ब्लॅनफर्ड यांच्या कार्यपद्धतीत महिना हा तुलनेचा मुख्य घटक होता. केंद्रावर दररोजचे कमाल व किमान तापमान नोंदवले जाई. महिनाअखेरीस त्यांची स्वतंत्र बेरीज करून दिवसांच्या संख्येने भागले की महिन्याची सरासरी मिळे. पावसाच्या बाबतीत सरासरीऐवजी महिन्याची एकूण बेरीज आणि पावसाळी दिवसांची संख्या महत्त्वाची ठरते. या आकड्यांची त्याच महिन्याच्या अनेक वर्षांच्या सरासरीशी तुलना केली जाते. पाऊस किती पडला यासोबत तो नेहमीपेक्षा किती कमी किंवा अधिक पडला, हे त्यातून समजते. १८७५ या वर्षाच्या हवामानाचा अखिल भारतीय अहवाल त्यांनी याच पायावर तयार केला.

वर्षाच्या एकूण आकड्यापेक्षा महिन्याचा आकडा का मोलाचा, हे वैनगंगेच्या खोऱ्यातील धान उत्पादकांना समजावून सांगावे लागत नाही. जून ते ऑगस्ट भरपूर पाऊस होऊन सप्टेंबर कोरडा गेला, तर वर्षाची बेरीज फारशी वाईट दिसत नाही, पण लोंबी भरण्याच्या सुमारास बांधीतले पाणी आटते आणि पीक हातचे जाते. १८९६ मध्ये मध्य प्रांतात पावसाने ऑगस्टनंतर पाठ फिरवली आणि दुष्काळ पडला. या भागातील मामा तलाव, म्हणजेच मालगुजारांच्या काळातील तलाव, अशाच कोरड्या महिन्यांसाठी पाणी राखून ठेवण्याकरिता बांधलेले होते.

दुष्काळ आणि पावसाचे अंदाज

विभाग स्थापन होऊन जेमतेम एक वर्ष झाले होते, तोच १८७६–७८ चा महादुष्काळ सुरू झाला. मुंबई व मद्रास इलाखे, म्हैसूर आणि हैदराबाद हे प्रदेश त्यात होरपळले. बळींची संख्या पन्नास लाखांहून अधिक असावी, असे मानले जाते. ब्लॅनफर्ड यांनी या काळातील वायुदाबाच्या मासिक नोंदी तपासल्या. तेव्हा दाब दीर्घकाळ नेहमीपेक्षा अधिक राहिल्याचे आणि ही स्थिती भारतापुरती मर्यादित नसून पूर्वेकडील दूरच्या प्रदेशांतही असल्याचे त्यांना आढळले. भारत व रशिया यांच्या वायुदाबात तराजूच्या पारड्यांप्रमाणे चढउतार होतो, असे त्यांनी १८८० मध्ये मांडले. पुढे गिल्बर्ट वॉकर यांनी शोधलेल्या 'दक्षिणी आंदोलना'च्या पूर्वपीठिकेत या निरीक्षणांचा उल्लेख केला जातो.

दुष्काळानंतर पावसाची आगाऊ कल्पना मिळावी अशी सरकारची अपेक्षा वाढली. वसंत ऋतूत पश्चिम हिमालयावर अधिक व उशिरापर्यंत बर्फ पडले, तर त्यानंतरचा मोसमी पाऊस उत्तर व पश्चिम भारतात दुबळा असतो, असे ब्लॅनफर्ड यांचे अनुमान होते. १८८४ मध्ये त्यांनी ते रॉयल सोसायटीपुढे निबंधरूपाने मांडले. १८८२ ते १८८५ या वर्षांत त्यांनी या आधारावर प्रायोगिक अंदाज दिले. ते उपयुक्त ठरल्याने ४ जून १८८६ रोजी पहिला नियमित दीर्घकालीन अंदाज प्रसिद्ध झाला. ही परंपरा भारतीय हवामानशास्त्र विभागाने आजतागायत चालू ठेवली आहे. मात्र केवळ बर्फावर विसंबून दिलेले अंदाज पुढील काळात पुरेसे ठरले नाहीत.

मध्य प्रांतातील जंगले व पाऊस

जंगले पाऊस आणतात, हा समज जुना आहे. तो आकड्यांनी तपासण्याचा प्रयत्न ब्लॅनफर्ड यांनी मध्य प्रांताच्या दक्षिण भागाची निवड करून केला. चांदा जिल्हा याच प्रांताच्या दक्षिण टोकाला होता. या प्रदेशात डोंगरउतारावरील झाडे तोडून, जाळून राखेत बी पेरण्याची फिरती शेती चालत असे. काही भागांत तिला बेवर किंवा डहिया म्हणत. १८७५ च्या सुमारास सरकारने या शेतीवर निर्बंध घातले. त्यानंतर जंगल पुन्हा वाढू लागले, असे मानून ब्लॅनफर्ड यांनी त्याआधीच्या व नंतरच्या वर्षांतील पावसाची तुलना केली. नंतरच्या काळात पाऊस वाढलेला दिसला. सबंध देशातच पाऊस वाढला असण्याची शक्यता ध्यानात घेऊन त्यांनी इतर प्रदेशांचे आकडेही ताडून पाहिले आणि या वाढीचा संबंध जंगलांशी असावा, असे मत १८८७ मध्ये मांडले.

या निष्कर्षाला मर्यादा होत्या. दोन्ही कालखंड थोड्या वर्षांचे होते आणि पाऊस मुळातच वर्षागणिक कमीअधिक होतो. गिल्बर्ट वॉकर यांनी पुढे अधिक वर्षांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा जंगलतोडीमुळे भारताच्या पावसात कायमचा बदल झाल्याचा ठोस पुरावा त्यांना मिळाला नाही. असे असले तरी ब्लॅनफर्ड यांच्या निबंधाचे महत्त्व उरतेच. पिढ्यानपिढ्या चालत आलेली एक समजूत त्यांनी मोजमापाच्या कसोटीला लावली आणि त्यांचेच अनुमान तपासण्यासाठी लागणारी साधनेही त्यांच्याच व्यवस्थेने पुढच्या संशोधकांना पुरवली. या निर्बंधांची दुसरी बाजू मात्र पर्जन्यमापकाच्या आकड्यांत उमटत नाही. फिरत्या शेतीवर जगणाऱ्या गोंड, माडिया आदी समाजांचे पिढीजात जीवन वनखात्याच्या नियमांमुळे पालटले. चंद्रपूर व गडचिरोलीच्या वनइतिहासात हा विषय पुढेही महत्त्वाचा राहिला.

अखेरची वर्षे

१८८० मध्ये ब्लॅनफर्ड यांची रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून निवड झाली. बंगालच्या एशियाटिक सोसायटीचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले. भारतातील पावसावरील त्यांचा विस्तृत ग्रंथ १८८६ पासून भागशः प्रसिद्ध झाला. शेकडो केंद्रांवरील मासिक पावसाचे आकडे त्यात संकलित केलेले आहेत. निवृत्तीनंतर ते इंग्लंडला परतले. भारत, सिलोन व ब्रह्मदेश यांच्या हवामानाची सामान्य वाचकांना ओळख करून देणारे त्यांचे पुस्तक १८८९ मध्ये निघाले. त्यांच्यानंतर विभागाची सूत्रे जॉन एलियट यांच्याकडे गेली. २३ जानेवारी १८९३ रोजी फोकस्टन येथे ब्लॅनफर्ड यांचे निधन झाले.

वारसा

भारतीय हवामानशास्त्र विभागाचे मुख्यालय कलकत्त्याहून शिमला, पुणे व अखेरीस दिल्ली येथे गेले. देशभरातील नोंदींचे जतन आजही पुण्यात केले जाते. चांदा जिल्ह्याचे नाव १९६४ मध्ये चंद्रपूर झाले आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा करण्यात आला. प्रशासकीय सीमा व नावे बदलली, तरी पावसाची मालिका त्याच ठिकाणाच्या नावाने पुढे चालू ठेवता येते. चंद्रपूर व ब्रह्मपुरी येथील उन्हाळ्यातील तापमान दरवर्षी वृत्तपत्रांत झळकते. ते नेहमीपेक्षा किती अंशांनी अधिक आहे, हे सांगता येते, याचे कारण त्या महिन्याच्या अनेक वर्षांच्या नोंदी एकाच मापाने घेऊन जपलेल्या आहेत. हे एकच माप सर्व देशासाठी ठरवण्याचे श्रेय प्रामुख्याने ब्लॅनफर्ड यांच्याकडे जाते.