महात्मा ज्योतीराव फुले : निर्मिकाचा शोध

ज्योतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजी झाला. घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. पेशव्यांना फुले पुरवण्याच्या व्यवसायामुळे त्यांना फुले म्हणू लागले. आई चिमणाबाई लवकर वारल्या, सांभाळ सगुणाबाईंनी केला. शिक्षण पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत झाले.

१८४८ मध्ये एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत, जातीवरून, त्यांचा अपमान झाला. त्याच वर्षी त्यांनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. पुढच्या वर्षी वडिलांनी त्यांना आणि सावित्रीबाईंना घराबाहेर काढले. शूद्राने शिकवणे धर्माविरुद्ध आहे, हे लोकांनी गोविंदरावांच्या मनावर बिंबवले होते. शास्त्राच्या नावाने बाप मुलाला दूर करतो, हे ज्योतीरावांनी स्वतःच्या घरातच पाहिले. ते बांधकामाचे कंत्राटदारही होते. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्याने मला हे विशेष वाटते, कारण समाजकार्यात ते स्वकमाई खर्च करत.

१८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले. अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना ते अर्पण केलेले आहे. धोंडीबा विचारतो आणि ज्योतीराव उत्तर देतात, अशी त्याची रचना आहे. मत्स्यापासून परशुरामापर्यंतचे अवतार म्हणजे बाहेरून आलेल्या आर्यांच्या टोळ्यांचे नायक, असे ते मांडतात. बळीराजा हा त्यांना रयतेचा न्यायी राजा वाटतो आणि वामन कपटी. दिवाळीत ओवाळताना बळीचे राज्य यावे असे आपल्या आयाबाया म्हणतात, त्यात ते जुनी आठवण पाहतात. आपल्यातील पुष्कळ साधकांना हे वाचवणार नाही. अनुवाद करताना माझाही हात अडखळला. अवतारांचा हा अर्थ इतिहास म्हणून टिकत नाही, असे मला वाटते. मात्र ज्या ग्रंथाने माणसाला जन्मावरून नीच ठरवले तो ईश्वराचा कसा, या त्यांच्या प्रश्नाला मला उत्तर सापडले नाही.

ते नास्तिक नव्हते. ईश्वराला ते ‘निर्मिक’ म्हणत. २४ सप्टेंबर १८७३ रोजी स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजात निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको, हा मुख्य आग्रह होता. पुरोहिताशिवाय विवाह लागू लागले. १८६८ मध्येच त्यांनी घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता.

१८८८ मध्ये मुंबईत लोकांनी त्यांना ‘महात्मा’ पदवी दिली. त्याच वर्षी पक्षाघाताने उजवा हात गेला. मग डाव्या हाताने त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहिले. फुले निर्मिकानेच केली, ती त्यालाच कशी वाहायची, असे त्यात ते विचारतात. नैवेद्य आणि ज्योतिष यांनाही ते सोडत नाहीत. इथे बनशंकरीच्या देवळाबाहेर राहुकाळात लिंबाचे दिवे लावायला रांग लागते, तिथे उभा असताना मला हे हटकून आठवते. त्याच पुस्तकात एक घर आहे. त्या घरातली आई बौद्ध, वडील ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी, तरी सगळे प्रेमाने एकत्र राहतात.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. अंत्ययात्रेत टिटवे सावित्रीबाईंनी धरले. पुस्तक १८९१ मध्ये, त्यांच्या मागे छापले गेले.